सिप्रियानाचं पायडल

एल आल्तो या उंच पठारावरच्या गावात विजेचं शिलाई मशीन बिघडलं की लोक मशीनवाल्याकडे जात, आणि पायडल बिघडलं की इलारियोन चाम्बीकडे. मशीनवाले पायडलला हात लावत नसत. जमिनीवर पडलेली, धुळीने माखलेली, पायाखाली तुडवली जाणारी वस्तू. तिच्यापुढे वाकायला त्यांची मान तयार नव्हती. इलारियोनची मान आधीपासूनच वाकलेली, त्याला त्याचं काही वाटलं नाही. बाजाराच्या दिवशी निळ्या ताडपत्रीखाली तो बुटक्या स्टुलावर बसे, समोर पोत्यावर पायडलांचा ढीग, आणि प्रत्येक पायडलची वायर शेपटीसारखी गुंडाळलेली.

त्याची रीत ठरलेली होती. प्लग कुठे लागलेला नाही ना, हे आधी बघायचं. मग वास घ्यायचा. जळका वास आला तर आतल्या कोळशाच्या चकत्या गेल्या, नाही आला तर वायर जिथे आत शिरते तिथे बोटाने चाचपायचं, कारण निम्मी दुखणी तिथंच असतात. मग चार स्क्रू काढायचे, पितळी पट्टीवर पॉलिश पेपर फिरवायचा, स्प्रिंग दाबून बघायची. आणि पायडल चिकट लागलं तर बोट फिरवून ते सरळ जिभेला लावायचं.

"शी! मायेस्त्रितो, काय हे?" बायका तोंड फिरवायच्या. मायेस्त्रो म्हणजे उस्ताद, लाडाने मायेस्त्रितो.

"बिअर," तो सांगायचा. "स्वस्तातली."

हे चिकट दुखणं त्या गावाचं खास. कार्निवालच्या मंगळवारी तिथे घराला, दुकानाला, हत्याराला, गाडीला फुलं वाहतात, रंगीत कागदाचे तुकडे उधळतात, आणि धरणीमातेच्या नावाने दारू आणि साखर शिंपडतात. त्याला चाल्या म्हणतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला आधी पाजायचं, मग आपण प्यायचं. बायका मशीनला पाजत, आणि मशीनला पाजलेलं सगळं ओघळून खाली पायडलमध्ये मुरे. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून, डोकं धरून, अर्धं गाव इलारियोनच्या ताडपत्रीपुढे रांगेत उभं.

"पाय ठेवला की पळत सुटतं, अन् पाय काढला तरी थांबत नाही, मायेस्त्रो."

"काल तुमचं तसंच होतं की. कोपऱ्यावर नाचत होता, मी बघितलं."

दरवर्षी तो तेच सांगे. मशीनला पाजा, टेबलाला पाजा, नवऱ्याच्या डोक्यावर ओता, पण पायडल फडक्यात गुंडाळून वर ठेवा. दरवर्षी कुणी ऐकत नसे. सगळ्यांत कमी त्याची स्वतःची बायको ऐके.

सिप्रियाना पोयेरे शिवायची, म्हणजे तिथल्या बायकांचे ते घोळदार, चुण्यांचे घागरे. तिच्या हातच्या चुण्या बसून उठलं तरी मोडत नसत. ती मशीनला एक थेंब पाजत नसे. सगळी चाल्या थेट पायडलवर. साखरेचा पाक करायची, त्यात बडीशेप उकळायची, आणि तो कोमट पाक वाकून, दोन्ही हातांनी, पायडलवर ओतायची. त्यावर तिने काळ्या लोकरीचं अंगरखं विणून चढवलेलं होतं, कारण थंडीत ती बूट काढून, मोज्यांवर शिवायची.

"अगं, मी ओरडून ओरडून जगाला सांगतो, अन् माझ्याच घरात?"

"धरणीच्या जवळ कोण आहे? मशीन की पायडल?" ती विचारायची. "वरच्याला पाजून खालच्याला उपाशी ठेवायचं होय? अन् तू कशाला आहेस? कर साफ."

आणि तो करायचा. राखेच्या बुधवारी सगळी गिऱ्हाइकं आटोपली की शेवटचं पायडल तिचं. कुरकुर करत तो ते उघडायचा, कोमट अल्कोहोलने पाक विरघळवायचा, आणि बोट जिभेला लावून म्हणायचा, "यंदा बडीशेप जास्त झाली." ती आतून हसायची. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसांत प्रेमाच्या गोष्टी अशाच काहीतरी असतात, दुसऱ्याला सांगितल्या तर येडपटपणा वाटावा अशा.

शेवटच्या वर्षी मात्र बुधवारी रांग मोठी होती. घरी आला तेव्हा त्याची बोटं अल्कोहोलने फुटली होती.

"माझं?" तिने विचारलं.

"उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी तो विसरला. नंतर तिने दोनदा आठवण करून दिली, "अरे, दाबलं की वर यायला नको म्हणतंय," आणि तो दोन्ही वेळा 'उद्या' म्हणाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पाऊस सरता सरता एक दिवस ती शिवता शिवता उठली, छातीत थंडी भरलीये म्हणाली आणि पलंगावर आडवी झाली. ती परत मशीनवर बसली नाही. तिकडे हिवाळा जूनचा. त्या थंडीत ती गेली.

आठव्या दिवशी रिवाजाप्रमाणे तिचे कपडे नदीवर धुतले, जाळण्यासारखे होते ते जाळले, जाळलेलं मेलेल्याला पोचतं म्हणून. पण मशीनच्या सुईखाली एक जांभळा पोयेरा अर्धवट शिवलेला तसाच होता. जन्मभर दुसऱ्यांचे शिवून तिने स्वतःसाठी काढलेला. मुलगी लिदिया तो ओढायला गेली तेव्हा इलारियोनने तिचा हात धरला. "राहू दे," एवढंच म्हणाला. लिदियाने राहू दिलं. मशीनचा प्लग सिप्रियाना आजारी पडली त्याच दिवशी काढला होता, तोही तसाच लोंबत राहिला.

नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी बारा वाजता मेलेली माणसं घरी जेवायला येतात आणि दोन तारखेला बाराला परत जातात. हे तिथे सगळ्यांना माहीत आहे, जसं पाणी उताराकडे जातं हे माहीत असतं. सिप्रियानाचं हे पहिलं वर्ष. इलारियोनने काळं कापड घालून टेबल मांडलं. वरून उतरायला पावाच्या शिड्या, काठीला ऊस, तिला आवडणारं शेंगदाण्याचं सूप वाफाळतं, आणि पावाची एक बाहुली, डोक्याला तिच्यासारखी वाटोळी टोपी घातलेली. लिदिया तिच्या नवऱ्याच्या घरून पहाटेच आली होती. शेजारीण डोन्या तोमासा प्रार्थना म्हणायला आणि त्याबद्दल मिळणारे पाव गोळा करायला येऊन बसली होती. तिचा आवाज मोठा, पिशवी त्याहून मोठी.

सगळं मांडून झाल्यावर इलारियोनला वाटलं, आली तर आधी मशीनकडे बघेल. त्याने मशीनवरची धूळ पुसली आणि मशीनचा छोटा दिवा लागावा म्हणून प्लग लावला. पिवळा उजेड जांभळ्या कापडावर पडला. पायडल टेबलाखाली आपल्या काळ्या अंगरख्यात बसलेलं होतं, तिकडे त्याने बघितलं नाही.

बारा वाजले. चर्चची घंटा झाली. डोन्या तोमासाने दार उघडलं आणि म्हटलं, "ये सिप्रियाना, बाई, ये. थकली असशील."

आणि मशीन सुरू झालं.

हळू. टक, टक, टक. कुणी नवशिक्याने घाबरत पाय ठेवावा तसं. सुई वर गेली, खाली आली, जांभळं कापड जरासं पुढे सरकलं. डोन्या तोमासाच्या हातातला पाव पडला. लिदियाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. इलारियोन गुडघ्यांवर बसला, आणि त्याला पहिल्यांदा काय वाटलं हे त्याने पुढे कुणाला सांगितलं नाही. भीती नव्हे. त्याला आनंद झाला, पोटातून, लहान मुलासारखा. थोड्या वेळाने मशीन थांबलं. कापडावर बोटभर शिवण वाढली होती.

दुसऱ्या दिवशी बाराला तिला निरोप द्यायचा. टेबल आवरलं, पाव वाटले, सगळे दाराशी उभे राहिले आणि "जा बाई, सुखाने जा" म्हणाले. त्यांच्या पाठीमागे, आत, मशीन चालू झालं. टक, टक, टक.

तीन तारखेला बाराला परत.

"गेली नाही," डोन्या तोमासा कुजबुजली. कुजबुजली म्हणजे तीन घरं सोडून ऐकू गेलं. "मायेस्त्रो, हे बरं नाही. निरोप दिलेला जीव थांबला की तो जाताना एकटा जात नाही. कुणाचा तरी हात धरून नेतो. तो घागरा जाळा, माझं ऐका."

"ती शिवतीये," इलारियोन म्हणाला. "पुरा झाल्याशिवाय कशी जाईल?"

मग त्याने बाजार सोडला. ताडपत्री घडी करून कोपऱ्यात पडली. लोक पायडलं घेऊन घरी येत, तो ती दाराशीच ठेवून घेई आणि उघडत नसे. सकाळभर तो काही खात नसे, बाराची वाट बघे. आणि एकदा लिदिया अवेळी आली. छताच्या एका पारदर्शक पत्र्यातून भरदुपारचा उन्हाचा चौकोन मशीनच्या पायाशी पडला होता. तिचा बाप आईच्या खुर्चीत बसला होता. पाय त्याने मागे ओढून खुर्चीच्या दांडीवर ठेवले होते, पायडलपासून लांब. हात कापडावर. मशीन आपोआप चालत होतं आणि तो शिवण सरळ जावी म्हणून कापडाला वळण देत होता. आई दाबणार, हा धरणार. ओठ हलत होते. बापाचा चेहरा इतका सुखी तिने कित्येक महिन्यांत बघितला नव्हता, आणि तो इतका खंगलेलाही.

मशीन थांबलं तेव्हा ती पुढे आली. "ताता, पायडल उघडून बघा."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही दुसऱ्याला काय सांगता? आपोआप चाललं तर आधी पायडल उघडा."

"दुसऱ्यांचं वेगळं."

"वेगळं काय? स्क्रू चारच ना?"

तो उठला आणि खिडकीकडे जाऊन उभा राहिला. पायडल आपोआप का चालतं याची सगळी कारणं त्याला पाठ होती. जन्म त्यात गेला होता. उघडलं असतं तर त्यातलं एक कारण आत सापडलं असतं, आणि कारण सापडलं की ती गेली. म्हणून तो उघडत नव्हता. हे त्याला कळत होतं आणि लिदियालाही कळत होतं, पण असल्या गोष्टी तोंडाने बोलायच्या नसतात.

"जेवलात?" तिने विचारलं.

"भूक नाही."

"आई तुम्हाला नेणार आहे म्हणते ती तोमासा."

"नेलं तर नेलं," इलारियोन म्हणाला, आणि लिदियाला त्याचं भय वाटलं, आईचं नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गारा पडल्या. आकाश काळंकुट्ट. बाराला इलारियोन कापडावर हात ठेवून बसला. मशीन हललं नाही. तो बसून राहिला. "काय झालं? रागावलीस?" तो पुटपुटला. "सिप्रियाना? अगं, काल लिदिया बोलली त्याचं मनावर घेऊ नकोस." त्याच्या पाठीमागे दारात लिदिया सुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिने बापाकडे बघितलं, मग मान वर करून छताच्या त्या पारदर्शक पत्र्याकडे बघितलं. पत्र्यावर गारा तडतडत होत्या आणि खाली उन्हाचा चौकोन नव्हता. ती सूप ठेवून गेली.

त्याच्या पुढच्या दिवशी ऊन लख्ख पडलं. त्या उंचीवर नोव्हेंबरातलं ऊन डोक्यावर सरळ खिळा ठोकल्यासारखं येतं. इलारियोन आनंदाने खुर्चीत बसला, आज नक्की. बारा झाले. घंटा झाली. मशीन गप्प. खोलीत आज जरा अंधारच होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याने हात कापडावर दाबले. "ये ना," तो म्हणाला. "ये ना गं." आणि तो रडायला लागला, मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाला शोभत नाही तसा.

लिदिया आत आली. तिच्या पोयेऱ्याला पत्र्याचा गंज लागला होता, हाताला खरचटलं होतं.

"ताता, मी छतावर चढले होते. त्या पत्र्यावर पोतं टाकलंय."

त्याला कळायला वेळ लागला. मग तो इतक्या जोरात उठला की खुर्ची पडली. "तू आईला बाहेर ठेवलंस? पोरी, स्वतःच्या आईला दार लावलंस?"

"ताता..."

"चालती हो! पोतं काढ आणि चालती हो!"

"पोत्याने आई अडते का हो, ताता?" लिदियाचा आवाज फुटला. "सांगा ना. आई अख्खं मरण ओलांडून येते, अन् बटाट्याच्या पोत्याला अडते?"

इलारियोनने पडलेली खुर्ची उचलली आणि नीट ठेवली. मग त्याने वाकून प्लग काढला. मशीनचा छोटा दिवा विझला.

"माझी पेटी आण," तो म्हणाला.

तो जमिनीवर बसला. पायडल दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं. काळं लोकरीचं अंगरखं इतके महिने त्याने काढलं नव्हतं. ते खालून कडक झालं होतं, पापडासारखं. अंगरखं उतरल्यावर त्याने पायडल उजेडाकडे धरलं, आणि दुसऱ्या कुणाच्या पायडलमध्ये त्याला जे एका नजरेत दिसलं असतं ते त्याला आत्ता दिसलं. पायडलची वरची पट्टी वर आलेली नव्हती. अर्धी दाबलेलीच होती.

चार स्क्रू. झाकण निघालं. आत पाक होता, वाळून काचेसारखा झालेला, मधाच्या रंगाचा. त्यात कागदाचा एक गुलाबी तुकडा आणि फुलाची एक पाकळी अडकून बसली होती. त्या पाकाने आतली दांडी आणि स्प्रिंग घट्ट धरून ठेवली होती, दाबलेल्या जागी. पितळी पट्टी चकत्यांना टेकली की मशीन चालतं, आणि ती त्यांच्यापासून केसभर लांब होती. ऊन काळ्या लोकरीवर पडायचं, आत ऊब साठायची, पितळ तेवढं केसभर वाकायचं. ऊन सरकलं की परत सुटायचं.

"काय आहे?" लिदियाने विचारलं.

"शेवटचं दाबलं ना तिने," तो म्हणाला. "त्या दिवशी. उठण्याआधी. ते तसंच आहे. पाकाने धरून ठेवलंय." त्याने बोट दांडीजवळ नेलं, पण लावलं नाही. "तुझ्या आईने अजून पाय उचललाच नाही, लिदिया."

लिदिया खाली बसली, बापाच्या खांद्याला टेकून. दोघं त्या उघड्या पायडलकडे बघत बसले. म्हणजे तोमासा खोटं बोलत नव्हती आणि ऊनही खोटं नव्हतं. पाय तिचाच होता. रोज बाराला तिचाच पाय मशीन चालवत होता, आणि तो पाय तिथे अडकला होता कारण एक माणूस 'उद्या' म्हणाला होता.

"राहू द्यायचं का?" लिदियाने विचारलं. आता तिलाच ते साफ व्हायला नको होतं. "ताता, राहू द्या ना तसंच. प्लग काढून ठेवू. कुणी हात नाही लावणार."

इलारियोनने मान हलवली. "पाय अवघडला असेल गं तिचा."

त्याने अल्कोहोलची बाटली तळहातांत धरून कोमट केली, ती जशी पाक कोमट करायची तशी. कापसाने थेंब थेंब सोडला. पाक आधी ढिम्म राहिला, मग कडेने पाण्यासारखा चकाकला, मग हळूहळू सैल झाला. गुलाबी कागद सुटून वाहिला. दांडी थरथरली. आणि स्प्रिंग उठली, घाईने नव्हे, दिवसभर शिवून दमलेली बाई पाय काढते तशी, आणि वर जाऊन टेकली. टक.

एकदाच. मग काही नाही.

लिदिया रडत होती. इलारियोनने पितळी पट्टीवर पॉलिश पेपर फिरवला, चकत्या पुसल्या, वायर चाचपली. सवयीचे हात, ते आपलं काम करत राहिले. झाकण लावलं. चार स्क्रू. मग पायडल त्याने टेबलाखाली तिच्या जागी ठेवलं, प्लग लावला आणि लिदियाला म्हणाला, "बस. ती शिवण पुरी कर. उद्या बाराला घागरा धुऊन जाळू. तिला घालायला हवा."

"आज जाळू," लिदिया म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "बरोबर. आजच."

ती बसली, बूट काढून, मोज्यांवर. मशीन धावलं, एका दमात, अडखळल्याशिवाय. इलारियोन जमिनीवर तसाच बसून होता. त्याच्या बोटांना पाक लागला होता. त्याने बोट जिभेला लावलं, आणि मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाला, "झालं हो साफ. यंदा बडीशेप बरोबर पडली."